लाव

तासगावात बेदाण्याच्या शेडवर
रंग निवडायचं मशीन बसवायला
फांग यूए आली, तीन आठवड्यांसाठी.
एक सुटकेस, एक पान्यांची पेटी, एक वही.
मी तिथला हिशेबनीस, बी. ए. इंग्लिश, सेकंड क्लास.
मालक म्हणाले, दुभाषी तूच.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, ओपन द मशीन.
मी पाना घेऊन झाकण खोलायला बसलो.
ती हसली नाही. बोटानं बटण दाखवलं.
तिच्याकडे म्हणे दार उघडतात, दिवाही उघडतात,
गाडी उघडतात, मीटिंग उघडतात,
आणि फूल उमलतं तेही त्याच शब्दानं.
ती एकच किल्ली कमरेला अडकवून
ती इंग्रजीत शिरली होती
आणि निम्मी कुलपं दाद देत नव्हती.

रात्री जेवणं झाली की वही पुढे सरकवायची.
काल मी औषध खाल्लं.
माझं शरीर बरं आहे.
मला ज्ञान शिकायचं आहे.
आमच्या गावी बिग रेन आहे.
मी 'बिग' खोडून 'हेवी' लिहिलं.
का, म्हणाली, पाऊस वजनावर घेता?
आमच्यातही पाऊस मोठाच असतो,
हे मी तिला सांगितलं नाही.

मग माझं खोडणं कमी होत गेलं.
खाऊ दे औषध. आमची आई गोळी खातेच की.
खरं तर मला ती वाक्यं आवडायला लागली होती,
निवडीत न गेलेल्या दाण्यासारखी
एकेक तोंडात टाकावीशी.

दहाव्या दिवशी तिनं वही आपटली.
चुका मला दिसतात, लाल शाई दिसत नाही.
जूनमध्ये परीक्षा आहे, पास झाले तर
परदेशातली कामं, पगार दीडपट.
तुला मजा वाटते त्याचे मार्क कोण देणार?

पुण्यात काचेच्या एका खोलीत
मी एकदा 'डिस्कस अबाउट' म्हणालो होतो.
समोरच्या बाईंनी पेनाला टोपण घातलं.
बाकी काही नाही. चहासुद्धा दिला.
परतीच्या एसटीत खंबाटकीपर्यंत मी मोजत होतो :
एकच शब्द जास्त झाला. एकच.

शेडमध्ये पट्ट्यावरून दाणे पळत होते,
कॅमेरा बघत होता,
जरा काळपट दिसला की फुस्स,
हवेची फुंकर, आणि तो खालच्या क्रेटात.
गोडी कुठल्या काट्यावर मोजतच नव्हते.
मी कपाटातून लाल पेन काढलं
आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

शेवटच्या रात्री शिदूअण्णा गेटवरून ओरडला,
साहेब, दार लावा! आणि भाइरला दिवा लावा!
तिनं मान वर केली.
लावा? दोन्हीला लावा?
दार बंद आणि दिवा चालू?
हो, म्हणालो. फोनही लावतात. रोपही.
जीव लावतात. एखाद्याची वाट लावतात.
तिनं सगळं उतरवून घेतलं, खाली रेघ मारली,
वही माझ्याकडे फिरवली
आणि लाल पेन मात्र आपल्याच हातात ठेवलं.
नियम सांग.

मी पावत्यांच्या गठ्ठ्याकडे बघत बसलो.

तोवर शिदूअण्णानं
दोन्ही लावून टाकलं होतं.