वाट बघणारी पिशवी

कोपरखैरणे, सेक्टर अठरा. सकाळी साडेदहा.
सव्वीस डबे महापेच्या कंपन्यांकडे निघतात,
झाकणावर खडूने नंबर,
आत भेंडी, वरण, तीन घडीच्या पोळ्या.
मग माझा चहा. मग भांडी.
माझं ताट चार वाजता, तेही उभ्यानेच,
उरलं असेल ते.

मंगळवार, चतुर्थी, वर श्रावणातले सोमवार,
आणि भाच्याच्या हळदीत जुना ब्लाऊज बसावा म्हणून
दोन महिने काकडी. अकरा किलो उतरले.
"काय बारीक झालीस गं!" नणंद म्हणाली.
त्याच रात्री उजव्या बरगडीखाली
कुणीतरी पक्कड फिरवली.

सोनोग्राफीची गार जेली पुसत
डॉक्टर कुरेशी म्हणाल्या,
"जयवंतीबाई, घास आला की ही पिशवी
स्वतःला पिळते, पित्त सोडते.
घासच आला नाही तर बसते भरलेली, वाट बघत.
पित्त दाटतं. खडा धरतो.
एवढंच कारण नसतं, पण हेही असतं."

मी हसले. कळ येत होती तरी हसले.
माझ्यासाठी जेवायचं थांबलेलं कुणीतरी
या घरात पहिल्यांदाच भेटत होतं.

आता ती नाही.
पाच खडे बाटलीत, मोहरीच्या डब्यामागे,
हरभऱ्याएवढे, पिवळट.
सून म्हणते, टाका. टाकीन.

आज सव्वानऊला पहिला डबा भरला.
नंबर नाही घातला.
भूक नव्हती फारशी.
सव्वीस झाकणं उघडी, कुकर बोंबलत होता,
तरी बसले खाली.