तीन बोलिव्हियानोंचा सेल

एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
ताडपत्रीवर भाजीसारखे मांडलेले मदरबोर्ड.
नेमेसिओने घासाघीस करून
चार जीबीची रॅम घेतली,
एसएसडीचा नुसता भाव विचारला,
बाजारभर फिरून आला आणि तीही घेतली.

घरी डबा उघडला.
रॅमचे सोनेरी दात
येसेनियाच्या खोडरबराने घासले,
प्रोसेसरवरची खडू झालेली पेस्ट
नखाने खरवडली.
पंख्याच्या पात्यांत गुंतली होती
करडी अल्पाकाची लोकर.
एर्मेलिंदा इथेच, या टेबलाशी विणत बसायची,
साओ पाउलोला शिवणकामाला जाण्याआधी.
लोकर त्याने खिशात टाकली.

बटण दाबलं. एक बीप.
पडद्यावर नेहमीचंच:
१ जानेवारी २००९, रात्रीचे बारा.
"पपा, सेल गेलाय. तीन बोलिव्हियानोंना मिळतो."
"माहितीये."
नऊ वर्षं माहितीये.

नाण्याएवढा तो सेल
आज आणला होता त्याने,
बसवला मात्र सगळ्यात शेवटी.

आता यंत्र तारीख विचारतंय
आणि येसेनिया थांबलीय, बोटं कीबोर्डवर,
बाप भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत
जाऊन येईतो.