अकरा सेकंद

लेटरकेनीच्या कोर्टात शिरताना वकील म्हणाले,
हसू नकोस एंडा. फार कण्हूही नकोस.
न्यायाधीशांना दोन्हीचा वीट आलाय.

दूध डेअरीच्या आवारात, मागे घेताना, लॉरीनं
त्याला भिंतीशी दाबलं. झाली तीन वर्षं.
फायलीनं बाळसं धरलं,
हा उतरत गेला.

मग विमा कंपनीनं पडदा लावला.
आमचंच कुरण. आमचाच दगडी बांध.
रस्त्यापलीकडच्या गाडीतून कुणी टिपलेलं :
एंडा वाकतो, ओलं कोकरू उचलतो,
बांधावरून त्याच्या आईपाशी सोडतो,
आणि कमरेवर हात ठेवून ताठ उभा राहतो.
अकरा सेकंद.

"कोकराचं वजन किती होतं, मिस्टर बोनर?"
"वजन कशाला करतोय? गारठलं होतं ते."
मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

त्यानंतरची रात्र चित्रफितीत नव्हती.
स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथा, दातांत टॉवेल,
पाठीवर गोठलेल्या मटारची पिशवी,
ती वितळली की मी दुसरी आणायची.
गाडी तोवर निघून गेली होती.

आकडा ठरला. मागितल्याच्या निम्म्याहून कमी.
कोकरू वजा जाता, वकील म्हणाले.

जिन्यात मी विमावाल्या बाईंना गाठलं.
त्या दोन पायऱ्या मागे सरल्या,
वाटलं असेल, आता ही तोंड सोडणार.
मी एवढंच विचारलं,
त्याची एक प्रत मिळेल का?
तीन वर्षांत तो असा उभा राहिलेला
घरात एकही फोटो नाही.