अनेबल

यार्ले, तुझा हात बटणाकडे निघाला होता.
आवाज येतो, आपण आकडा फिरवतो,
हजारदा हेच केलेलं असतं,
हात आधी पोचतो, कान मागून येतो.

डिसेंबर. दुपारचे दोन, आणि काळोख
डांबरासारखा काचेला चिकटलेला.
ट्रॉम्सो अजून बावीस मैल.
मागे एकोणीस माणसं, एक चेलो,
कुणाच्या तरी पिशवीतून सुक्या कॉडचा वास.
आणि हाल्वर, तीन दिवसांच्या सर्दीने नाक चोंदलेला:
“पाच-तीन-एक, खाली या, तीन हजार फूट.”

पाच-तीन-एक आपणच.
पाच-एक-तीन तिकडे पश्चिमेला, उघड्या पाण्यावर.
त्याला तीन हजार म्हणजे अंगण.
आपल्या वाटेत, नकाशावर तपकिरी
आणि खिडकीत काहीच नाही असा,
बेचाळीसशे फुटांचा दगड.

मी तुझ्या बोटांवर हात ठेवला.
तुझी बोटं गार होती, हे नंतर आठवलं.
“अनेबल,” मी म्हणाले. “पुढे डोंगर.
सहा हजारांवर आहोत, तिथेच राहतो.”

एवढंच.
घरी आपण नाही म्हणायला
केवढी प्रस्तावना करतो,
बघते, कळवते, तब्येत बरी नाहीये.
इथे एक शब्द, त्याला ना राग ना आर्जव,
दाराची कडी लावावी तसा.

मग चार सेकंद काहीच नाही.
त्या चार सेकंदांत तू माझ्याकडे पाहिलंस,
मी उंचीच्या काट्याकडे.
मग हाल्वर, सर्दी कुठल्या कुठे पळालेली:
“पाच-तीन-एक, चूक माझी. सहा हजार. धन्यवाद.”
“सहा हजार,” मी म्हणाले, नेहमीच्या आवाजात.
तो नेहमीचा आवाज काढायला
जेवढी ताकद लागली, तेवढी
वादळातल्या कुठल्याही लँडिंगला लागलेली नाही.

गाडीत तू भडकलास. समजू शकते.
तिथल्या तिथे का नाही झापलं त्याला,
सगळ्यांना ऐकू गेलं असतं!
हेच तर, सगळ्यांना ऐकू गेलं असतं.
त्याच लहरीवर रुग्णवाहिकेचं विमान
बोलायची वाट बघत होतं,
आत एक बाई, वेणा सुरू झालेल्या.
माझा राग तिच्या वाट्याची सेकंदं खाऊन गेला असता.
आणि हाल्वरला अजून सहा विमानं उतरवायची होती,
थरथरत्या हाताने नाही.

रात्री मी टॉवरला फोन केला.
तो पलीकडे नुसता श्वास घेत राहिला, मग म्हणाला,
टेप सात वेळा ऐकली, इंगुन,
सातही वेळा मी तीन हजारच म्हणतोय.
मी म्हटलं, मी उद्या अहवाल लिहिणार आहे.
म्हणाला, लिही. मीही लिहून ठेवलाय.

लिहिला. वेळ, उंची, दोन्ही आकडे,
ते जुळ्यांसारखे दिसतात एवढं एक वाक्य.
त्याला वाचवायला एक शब्द जास्त नाही,
बुडवायलाही नाही.

आणि हे तुला कधी सांगितलेलं नाही:
बोडोला, मी तुझ्या वयाची असताना,
डावीकडे वळ म्हटलं, मी उजवीकडे वळले.
कुणी ओरडलं नाही.
एक बाईचा आवाज, जणू चहात साखर किती विचारावी:
“दिशा एकदा तपासता का?”
तिचं नाव मी आजवर शोधतेय.

मार्चमध्ये उजेड परत आला.
त्याच वाटेने येताना तू बोट दाखवलंस.
दगड उन्हात पांढराशुभ्र, अगदी निरुपद्रवी,
आणि उतारावर कुणाच्या तरी स्कीची
वळत-वळत गेलेली रेघ.
कुठे सुरू होत होती ती?
मी काट्यावरून अंदाज बांधू लागले,
तेवढ्यात हाल्वर बोलला, एकेक अंक सुटा करून,
आणि मी अंक तसेच, सुटे सुटे, परत दिले.