वाढणं

काटा तीन आठवडे चौऱ्याण्णव पूर्णांक सहावर अडलेला.
पहाटे साडेतीनला इंगेगेर्ड त्यावर उभी राहते,
आधी लोकरीचे मोजे काढते, मग चष्मा,
मग लग्नाची अंगठी,
जी हल्ली बोटात फिरते.
म्हणजे कुठूनतरी काहीतरी उतरलंय,
काट्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

लिकसेलेत बाहेर उणे बावीस.
नगरपालिकेचा बर्फनांगर वायर लावून ऊबदार ठेवलेला.

बटाटा सोडला तिने. पाव सोडला.
लिंगनबेरीचा मुरांबा बरणीसकट बहिणीला दिला.
पण मांसाच्या कडेची चरबी
सुरी अजून आपोआप कापते,
न बघता,
रस्त्याच्या कडेला बर्फ सारावा तशी.

'दोन्ही नळ बंद केलेस,'
आरोग्यकेंद्रातली राउनी म्हणाली,
'आणि विचारतेस, हात का थरथरतात.
जिची भीती वाटते ती खा.'

भीती जुनी आहे.
सासरे लाकडाच्या गिरणीत कोसळले, त्या हिवाळ्यात
घरातून लोणी गेलं
आणि अर्ध्या चरबीचं मार्जरीन आलं.
'रंग खाल्ल्यासारखं लागतं,' सिक्स्टेन म्हणायचा,
आणि तीस वर्षं खात राहिला.
रिकामे डबे गॅरेजमध्ये एकावर एक, एकतीस:
स्क्रू, वॉशर, गळाचे हूक,
प्रत्येकावर त्याचं तिरकं अक्षर.
लोण्याने तो गेला नाही,
मार्जरीनने वाचला नाही.
एका ऑक्टोबरात होडीत नुसता बसून राहिला.

तिने लोणी आणलं, पाचशे ग्रॅम,
कोटाच्या आत, चोरल्यासारखं.
माशावर सुपारीएवढा तुकडा ठेवला
आणि तो विरघळताना बघत बसली.
जेवल्यावर भूक
शेगडीपाशी कुत्रं बसावं तशी
सुस्कारा टाकून बसली.
किती वर्षांनी.

मग ती सुटलीच.
कॉफीत साय, सायीवर लोणी,
अंड्यांचे नुसते बलक, वर पुन्हा लोणी.
काटा: पंच्याण्णव पूर्णांक एक.

राउनी हसली नाही.
'तुझ्या दाराशी लाकडं असतात ना?
आधी ती जळतात. मागच्या शेडमधली नंतर.
रोज दाराशी नवी मोळी टाकलीस
तर शेड रिकामी कशी होणार?'
'मग लोणी नको?'
'हवं. भुकेपुरतं.'

भुकेपुरतं. हे माप
कुठल्याच चमच्यावर कोरलेलं नसतं.
माझ्या भाषेत ताटात वाढतात, अंगही वाढतं,
एकच क्रियापद दोन्हीकडे राबतं.
तिच्या भाषेत त्यांना वेगळाले शब्द आहेत,
म्हणून समजायला तिला महिना लागला.
मला तर अजून लागतोय.

फेब्रुवारीत, पुलावर, उमे नदी खाली गोठलेली,
ती नांगर थांबवते, काच खाली करते.
राउनीने सांगितलंय, जळलेली चरबी
बहुतेक श्वासावाटेच बाहेर पडते.
घामातून जात असेल, असं तिला वाटायचं.
ती तोंड उघडते. पांढरा ढग निघतो,
दिव्याच्या उजेडात क्षणभर टिकतो.
'हे माझं,' ती स्वतःशी विचारते,
'की सकाळच्या कॉफीतल्या सायीचं?'
ढगावर काही लिहिलेलं नसतं.

मग मांडीवर डबा घेते.
झाकणावर छापलंय: अर्धी चरबी.
बाजूला तिरक्या अक्षरात: वॉशर, आठ मिलिमीटर.
आत दोन उकडलेली अंडी
आणि लोण्याचा एक तुकडा,
कालच्यापेक्षा लहान,
थंडीने इतका कडक झालेला
की दाताखाली चक्क वाजतो.