तासांचा रकाना

कायदा दोन मतांनी पास झाला, मार्चमध्ये,
बाहेर बर्फ अजून गुडघाभर होतं.
एका सिनेटरनं विचारलं,
चांगुलपणाला ऑफिस कशाला हवं?
सभागृहात कुणी काही बोललं नाही.
साक्षीला आलेली आर्डिस हालवर्सन तेवढी म्हणाली,
गेल्या पुरात आमच्या गावात
चार हजार ब्लँकेटं आली,
पंप चालवणारा एकही माणूस आला नाही.

म्हणून ही खोली.
डकोटाचं विधानभवन एकोणीस मजले वर जातं,
आम्ही त्याच्याही खाली, तळघरात.
पूर्वी इथं गाड्यांच्या नंबरप्लेटा ठेवत,
अजून पत्र्याचा वास येतो.
एक टेबल, तीन लाइनींचा फोन,
आणि मी, रस्ते खात्यातून उसनी आणलेली,
खड्ड्यांच्या तक्रारी लिहून घ्यायची सवय असलेली.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची व्याख्या
कलम दोनमध्ये साडेतीन ओळींत आहे.
मी ती पाठ केली.
मग कार्डं यायला लागली.

ट्रॅक्टर आहे, ब्रेक नाहीत.
शिवण येतं, रडणारी मुलं सांभाळता येतात.
काहीच येत नाही, पण शुक्रवारी मोकळी असते.
बर्फात अडकलेली गाडी काढतो, उपदेश करत नाही.

आणि डेल्मर केनिग, वय एक्याऐंशी,
धान्याच्या कोठारावरून निवृत्त.
'आपणास काय येते' याच्या पुढं
पेन्सिलीनं, दाबून: गप्प बसता येतं.

मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं.
प्रथमोपचार, वाहतूक, स्वयंपाक, दुरुस्ती,
शेवटी 'इतर'मध्ये टाकलं.

जूनपर्यंत वर आकडा हवा होता,
एकूण तास, गुणिले ताशी डॉलर.
आर्डिसनं तासांच्या रकान्यात लिहिलं होतं,
पाणी उतरेपर्यंत.
फोन केला तर म्हणाली,
मी बटाटे सोलले, बाई, तास नाही सोलले.
मी सोळा लिहिले. देव मला क्षमा करो,
ऑडिटर करणार नाही.

नोव्हेंबरात वेल्डाहून पाद्रीबाईंचा फोन.
अर्न कव्हर्डालचा गोठा जळाला, साठ गाई आत.
तेव्हापासून तो एक शब्द बोललेला नाही.
धीर द्यायला जाईल त्याला दार दाखवतो,
भाजी घेऊन गेलेल्यांना भाजीसकट.
तुमच्याकडे कुणी आहे का?

तीन लाइनींपैकी दोन लुकलुकत होत्या.
मी 'इतर'चा खण ओढला.

नव्वद मैल. डेल्मर स्वतःच्या पिकअपमधून गेला.
पुढचं मला पाद्रीबाईंकडून कळलं,
तेही तुटक.
तीन रात्री दोघं स्वयंपाकघरात बसले.
दिवाही कुणी लावला नाही म्हणे.
चौथ्या पहाटे अर्न उठला,
कॉफी ठेवली,
आणि बोलायला लागला तो दुपार झाली तरी थांबेना.

मी डेल्मरला फॉर्म पाठवला.
तासांचा रकाना त्यानं कोरा ठेवला.
पेट्रोलची पावती मात्र जोडली होती,
कलम नऊप्रमाणे, एकशे ऐंशी मैल,
एक सेंटही वर नाही.

पावती नोंदवताना उलटली गेली.
मागे बारीक अक्षरात नावं:
ओल्गा, पेनी, मोठी इंग्रिड, धाकटी इंग्रिड,
एका शिंगाची रूथ,
एक खोडून पुन्हा लिहिलेलं,
जागा संपली तशी कडेनं, आडवी, एकात एक.
मी मोजली. एकोणसाठ.
एकीचं नाव अर्नला आठवलं नसेल,
किंवा तिला ठेवलंच नसेल,
किंवा मीच चुकले, मला मोजणं जमत नाही,
हे एव्हाना वर कळलं असेल.

पावती मंजूर केली. पैसे गेले.
तिची मागची बाजू कुठल्या फायलीला लावायची
ते कायद्यात नाही.
सध्या टेबलाच्या काचेखाली आहे,
उलटी, फोनशेजारी.