एक कुरळा

केटाच्या बाजारामागे, खाऱ्या तळ्याच्या काठाला
आक्पेनेचं दुकान. खिळ्यांना टांगलेल्या केसांच्या लडी:
काळ्या, तपकिरी, एक तर चक्क जांभळी.
"मुळाकडून टोकाकडे बोट ने," ती गिऱ्हाइकाला सांगते,
"खरखरलं तर समज, दोन धुण्यांत गुंता.
एक केस जाळून बघ. खऱ्याची राख होते,
खोट्याचा मणी."

एसिनामने काही जाळलं नाही.
पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली
जुनीच लड काढली.
"बहिणीची. हॅम्बर्गला जाताना ठेवून गेली.
हीच बसव."

आक्पेने नाक मुरडते. जुन्यात कसली कमाई?
तरी घमेल्यात कोमट पाणी घेते,
चोळत नाही, पिळत नाही,
नवऱ्याचं जाळं सोडवायची तशी सोडवत जाते,
खालच्या टोकापासून.
"रात्री सॅटिनचं फडकं बांध. ओलं डोकं घेऊन निजू नकोस.
तेल मुळांना, लडीला नव्हे.
सहा आठवडे झाले की काढ,
खालच्या तुझ्या केसांना ओढ बसते,
त्यांना कुणी विचारत नाही."

मग कंगवा अडतो.
शिवणीत, त्या सरळ, परमुलखातल्या केसांमध्ये
एक आखूड कुरळा,
घट्ट रुतलेला.
हा कुठल्या दुकानातला नव्हे.

आक्पेने चिमटा उचलते.
आरशात एसिनामकडे बघते.
चिमटा खाली ठेवते.

"मानेपासून सुरू करू?"

एसिनाम डोकं पुढे झुकवते.